लिंबाच्या बॅटरीवर एलईडी कसा पेटवावा

विज्ञान प्रदर्शनासाठी लिंबाची बॅटरी करायची ठरली, की सर्वांत आधी टॉर्चचा छोटा बल्ब बाजूला ठेवावा. त्याला दोनशे-तीनशे मिलिअँपिअर विद्युतधारा लागते आणि लिंबू एका मिलिअँपिअरच्या आतबाहेरच घुटमळते, त्यामुळे टोपलीभर लिंबे एकापुढे एक जोडली तरी तो बल्ब लागणार नाही. तरीही दरवर्षी कुणीतरी मुलांना हाच बल्ब आणायला सांगते आणि आपलेच काहीतरी चुकते आहे असे समजून मुले रात्री उशिरापर्यंत वायरी काढत-घालत बसतात. ५ मिलिमीटरचा लाल एलईडी घ्यावा. तो सुमारे १.८ व्होल्टला लागतो. पांढऱ्या आणि निळ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून ते या प्रयोगात नकोत. एलईडीला रोधक (धारा कमी करणारा रेझिस्टर) जोडा, हा सल्लाही येथे गैरलागू आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीवर रोधक हवाच, पण लिंबाचा स्वतःचा अंतर्गत रोधच इतका मोठा असतो की आणखी रोध घालणे म्हणजे असलेला प्रकाश घालवणे.

धातूंची निवड मात्र नीट करावी. एक धातू तांबे आणि दुसरा जस्त. जस्ताची पट्टी शाळेच्या प्रयोगशाळेत असते. ती नसेल तर जस्ताचा मुलामा दिलेला खिळा चालतो, पण साधा लोखंडी खिळा घेतला तर विभवांतर, म्हणजे मिळणारे व्होल्ट, जवळजवळ निम्म्यावर येते. परदेशी व्हिडिओंमध्ये लिंबात तांब्याचे नाणे खोचलेले दिसते. आपली एक आणि दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची असल्याने त्यांचा येथे उपयोग नाही. घरगुती वायरिंगच्या उरलेल्या तुकड्यातून जाड तांब्याची तार सोलून घ्यावी. वाइंडिंगची तार वापरायची असेल तर तिच्यावर इनॅमलचा पारदर्शक थर असतो हे विसरू नये. दोन्ही टोके आणि लिंबात जाणारा सगळा भाग पॉलिश पेपरने घासून लख्ख केल्याखेरीज ती तार निरुपयोगी आहे.

चार रसदार, पातळ सालीची लिंबे ओट्यावर तळहाताखाली दाबून लाटावीत, म्हणजे आतले पडदे फुटून रस मोकळा होतो. प्रत्येक लिंबात जस्त आणि तांबे एकमेकांपासून सुमारे एक सेंटिमीटरवर, एकमेकांना न लागतील असे खोल खुपसावेत. मल्टिमीटरने प्रत्येक लिंबू वेगळे तपासावे; ०.९ ते १ व्होल्ट यायला हवा.

यानंतर एकसर जोडणी. पहिल्या लिंबातले तांबे दुसऱ्यातल्या जस्ताला, दुसऱ्यातले तांबे तिसऱ्यातल्या जस्ताला, याप्रमाणे चारही लिंबे जोडली की एका टोकाला जस्त आणि दुसऱ्या टोकाला तांबे मोकळे राहते. एलईडीचा लांब पाय तांब्याकडे, आखूड पाय जस्ताकडे. लिहायला हे सोपे आहे, पण बहुतेक प्रयोग येथेच अडकतात आणि मीही येथेच अडकलो होतो.

भाच्याच्या प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी चार लिंबे स्टीलच्या ताटात मांडली होती. प्रत्येक लिंबू वेगळे तपासले तेव्हा ०.९ व्होल्ट येत होता. म्हणजे चारांचे मिळून ३.६ यायला हवे होते. ताटात जोडल्यावर आकडा अडीचच्याही खाली होता आणि एलईडी काळाठिक्कर. तासभर मी वायरी बदलत राहिलो. दोष ताटातच होता. खिळे खुपसताना निघालेला रस ताटभर पसरला होता आणि त्या ओलाव्याने शेजारशेजारची लिंबे आतून एकमेकांना जोडली गेली होती. पहिल्यातले तांबे आणि दुसऱ्यातले जस्त वायरीने आधीच जोडलेले असतात. त्यांच्यामध्ये रसाचाही पूल झाला की त्या दोघांचाच एक विद्युतघट तयार होतो, तो वायरीमुळे जागच्या जागी शॉर्ट होतो आणि बाहेर मिळायचे ते विभवांतर आतच संपते. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने १८०० साली जाहीर केलेल्या, धातूच्या चकत्या आणि ओले कापड एकावर एक रचून केलेल्या बॅटरीच्या स्तंभालाही हाच दोष होता: वरच्या चकत्यांच्या वजनाने मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापड दाबले जाई आणि बाहेर झिरपलेले पाणी चकत्यांच्या कडांवरून खाली उतरत असे. म्हणून लिंबे कोरड्या प्लास्टिकच्या वेगवेगळ्या झाकणांत ठेवावीत आणि बाहेरून पुसून घ्यावीत. याच कारणामुळे एकाच लिंबात चार जोड्या खुपसून चौपट व्होल्ट मिळत नाहीत, मग सल्ला कुणीही दिलेला असो.

ताट बदलल्यावर मीटरने ३.६ दाखवले, तरी एलईडी लागलाच नाही. मीटर बॅटरीतून जवळजवळ काहीच धारा घेत नाही, त्यामुळे त्याने दाखवलेला आकडा बिनभाराचा, म्हणजे बॅटरीवर काहीही चालत नसतानाचा असतो. त्यावर विसंबून बॅटरी चांगली आहे असे म्हणणे मी तेव्हापासून सोडले. तपासणी एलईडी जोडलेला ठेवूनच करावी. एलईडी तसाच ठेवून मीटरची टोके पाळीपाळीने प्रत्येक लिंबाच्या तांब्याला आणि जस्ताला लावावीत. निरोगी लिंबे आता अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवतात. एखादे शून्याजवळ असेल किंवा चक्क उणे आकडा दाखवत असेल, तर दोषी तेच: लिंबू सुकलेले आहे, खिळा सैल बसला आहे किंवा पट्टी वरवरच खोचली आहे. माझ्याकडे तिसरे लिंबू उणे दाखवत होते. त्यातली तार अर्धा सेंटिमीटरच आत होती. ती खोल दाबताच एलईडीच्या टोकाशी लाल ठिपका उमटला. बिनभाराचा आकडा ३.६ ऐवजी १.८ आला, तर एक लिंबू उलटे जोडले गेले आहे असे समजावे, कारण उलटे लिंबू स्वतःचे विभवांतर तर देत नाहीच, शिवाय दुसऱ्याचेही खाऊन टाकते.

प्रकाश मंदच असतो. काळ्या कागदाची नळी एलईडीवर बसवली की भर दुपारच्या वर्गातही तो दिसतो. काही वेळाने तो आणखी मंदावतो, कारण तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटून रसाशी होणारा स्पर्श कमी होतो. तार उपसून, पुसून पुन्हा खोचावी.

तक्त्यावर ‘लिंबातील वीज’ असे लिहू नये. ऊर्जा जस्त विरघळण्यातून येते. लिंबाचा आम्लयुक्त रस फक्त विद्युत अपघटनीचे, म्हणजे दोन धातूंमध्ये वीज वाहू देणाऱ्या द्रवाचे, काम करतो, आणि चिंचेचे पाणी किंवा व्हिनेगर घेतले तरी हाच प्रयोग होतो. परीक्षक नेमके हेच विचारतात. जस्त रसात उतरलेले असल्यामुळे प्रदर्शन संपल्यावर ही लिंबे सरबताला वापरू नयेत, टाकून द्यावीत, आणि पट्ट्या धुऊन कोरड्या करून ठेवाव्यात.