बीटा ब्लॉकर चालू आहे? मग या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आमच्या आप्पांनी मेटोप्रोलोल (ही एक बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग आणि जोर कमी करणारी गोळी) मनानेच बंद केली, कारण काय तर बोटाला लावायच्या मशीनवर पल्स ५६ दिसली आणि त्यांना वाटलं हृदय मंद पडतंय. चौथ्या दिवशी पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना मधेच बसले, दरदरून घाम, मनगट धरलं तर नाडी इतकी पळत होती की मला मोजताच येईना.

सगळ्यात मोठी चूक हीच, गोळी एकदम सोडणं. हृदयाच्या स्नायूपेशींवर बीटा-१ रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या जागा असतात, त्यांना ॲड्रेनलिन (ताणात शरीरात सुटणारं संप्रेरक) चिकटलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढतो, मग कॅल्शियम जास्त आत येतं आणि आकुंचन जोरात होतं. गोळी ती जागा अडवून बसते. पण रिसेप्टरची संख्या कायम तीच नसते हो, बरेच दिवस गोळी चालू असली की पेशी रिसेप्टर वाढवते, आणि गोळी अचानक गेली की ते सगळे मोकळे, मग नेहमीच्याच ॲड्रेनलिनने हृदय उधळतं. म्हणून डॉक्टर डोस एक-दोन आठवड्यांत हळूहळू उतरवतात. पल्स कमी दिसली आणि चक्कर येत असेल तर लगेच त्यांना फोन करा, स्वतः ठरवू नका.

दुसरं, "हृदय आधीच कमजोर, मग जोर कमी करणारी गोळी कशाला?" पूर्वी डॉक्टरांनाही हेच वाटायचं. पण हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय नीट पंप करू शकत नाही तेव्हा, ॲड्रेनलिनचा मारा सतत चालू असतो, त्याने पेशी रिसेप्टर कमी करून टाकतात आणि स्नायू थकत जातो; गोळी हा मारा अडवते. १९९९ च्या दोन मोठ्या चाचण्यांत बिसोप्रोलोल आणि मेटोप्रोलोल सक्सिनेटने मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले. सुरुवातीला थकवा येतो, डोस अगदी थोड्यापासून वाढवतात, तेवढा धीर धरा.

आणि मेडिकलवाल्याने दुसरी स्ट्रिप दिली तर त्यावर मेटोप्रोलोल सक्सिनेट आहे की मेटोप्रोलोल टार्टरेट ते वाचा, एकाच औषधाचे हे दोन प्रकार सारखे नाहीत.

दमा असेल तर आधीच सांगा. शुगरवाल्यांनो, या गोळीमुळे शुगर उतरली तरी धडधड जाणवेलच असं नाही, घाम मात्र येतो, त्याकडे लक्ष ठेवा.

छातीत दुखलं किंवा दम लागला तर तिथेच बसा, १०८ लावा. आम्ही त्या दिवशी आप्पांना चालवत खाली आणलं, तसं करू नका. आता सात गोळ्या उरल्या की नवी स्ट्रिप आणतो, आणि वणीला जाताना ती आईच्या पर्समध्ये असते.