किडनी प्रत्यारोपणानंतर शेजाऱ्याचा डोस विचारताय? या चुका टाळा

मिरजेत ओपीडीबाहेरच्या बाकावर हा प्रश्न हमखास कानावर पडतो : "तुमच्या पेशंटला टॅक्रोलिमस किती एमजी चालू आहे?" टॅक्रोलिमस म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध. बाबा 67 वर्षांचे. त्यांना माझ्या आईची किडनी बसवली, त्यानंतर मीही सगळ्यांना हेच विचारायचो. शेजारच्या तिशीतल्या पोराचा डोस बाबांच्या दुप्पट निघाला आणि माझी झोप उडाली.

चूक माझी होती. वय वाढलं की हे औषध शरीरात सावकाश मोडतं, म्हणून रक्तात औषधाची तेवढीच लेव्हल यायला कमी गोळ्या पुरतात. लहान मुलांना उलट वजनाच्या मानाने जास्त लागतात. शिवाय छातीतली थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसते, प्रतिकारशक्तीच्या नव्या टी-पेशी कमी तयार होतात. त्यामुळे वयस्कर शरीर परकी किडनी तुलनेने कमी जोराने नाकारतं. म्हणून स्वतःच्या मनाने गोळी कमी करायची, असं मात्र नाही. देणारी व्यक्ती वयस्कर असेल तर तिच्या किडनीवर हल्ला होण्याचा धोका उलट वाढतो. दोन्ही वयं डॉक्टरांना तोलू द्या.

जी प्रतिकारशक्ती किडनीशी कमी भांडते, तीच जंतूंशीही कमी लढते. म्हणून तापाची वाट पाहू नका. न्यूमोनिया असूनही कधी कधी ताप येत नाही. माणूस जेवत नाही, असंबद्ध बोलतो, नुसता पडून राहतो. त्याच दिवशी फोन करा.

लेव्हल तपासायच्या दिवशी आम्ही तासगावहून निघताना चहाबरोबर सकाळची गोळी दिली आणि रिपोर्ट भलताच वाढलेला आला. रक्त आधी, आदल्या डोसनंतर 12 तासांनी, गोळी नंतर.

जुलाबात गोळी अंगी लागत नसेल म्हणून जादा देऊ नका. जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हल बहुधा वाढते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने, फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधानेही वाढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने घसरते. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक तर नकोच.

रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनीने बाहेर टाकायचा कचरा) 1.3 आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. स्नायू झडलेल्या म्हाताऱ्या माणसात हाच आकडा तरुणापेक्षा कमी काम करणारी किडनी दाखवतो.

घरातला रुग्ण 17 वर्षांचा असेल, तर काळजी वेगळीच. या वयात गोळ्या चुकतात आणि किडन्या जातात. पुण्याला कॉलेजला गेला तरी रोज रात्री विचारा, रागावला तरी.

आणि ऑगस्ट 2019 चा कृष्णेचा पूर आठवून पावसाळ्याआधी दोन आठवड्यांच्या गोळ्या जादा, प्लास्टिकच्या डब्यात, वरच्या फळीवर ठेवा.