पहिला एक्स्टर्नल फ्लॅश: खरेदीत आणि वापरात या चुका टाळा

घरी बारसं किंवा साखरपुडा झाला, फोटो बघितले, की फ्लॅश घ्यायचं मनात येतं. फ्लॅशशिवाय काढलेल्या फोटोंत आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची संवेदनशीलता) ६४०० वर जाऊन दाणे आलेले असतात. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश वापरला असेल तर चेहरे तेलकट दिसतात आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली पडते. मग एक्स्टर्नल फ्लॅश घरी येतो, कॅमेऱ्यावर चढतो, तोंड समोर ठेवूनच मारला जातो, आणि फोटो पुन्हा तसेच येतात. दोन-तीन कार्यक्रमांनंतर तो डब्यात जातो. चांगली वस्तू अशी पडून राहते याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण दोष फ्लॅशचा नसतो. फ्लॅश लावला की फोटोत दोन उजेड असतात, एक जागेचा आणि एक फ्लॅशचा, आणि त्यांचे हिशेब वेगवेगळे ठेवावे लागतात. पुढच्या बऱ्याचशा चुका हे हिशेब एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

खरेदीच्या वेळी

डब्यावरचा गाइड नंबर बघून निवड करू नका. गाइड नंबर म्हणजे आयएसओ १०० ला, फ्लॅश पूर्ण ताकदीने मारल्यावर, मीटरमधलं अंतर गुणिले अ‍ॅपर्चरचा एफ-आकडा, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं आहे त्याचा आकडा. गाइड नंबर ६० म्हणजे एफ/४ ला पंधरा मीटर. पण हा ६० चा आकडा बहुतेक वेळा फ्लॅशचं डोकं २०० एमएमला झूम केल्यावरचा असतो, म्हणजे उजेडाची पट्टी अगदी अरुंद असताना. ३५ एमएमला तोच फ्लॅश चाळिशीच्या आत येतो. दोन फ्लॅशची तुलना करायचीच असेल तर आकडा कोणत्या झूमला दिला आहे ते आधी बघा.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे डोकं वर आणि दोन्ही बाजूंना वळतं का. जे फक्त वर उचलता येतं, बाजूला वळत नाही, ते घेऊ नका. उभा फोटो काढायला कॅमेरा कुशीवर वळवला की तसा फ्लॅश छत सोडून थेट बाजूच्या भिंतीकडे बघतो, आणि तुम्ही अडकता.

टीटीएल, म्हणजे ज्याची ताकद कॅमेरा मोजून ठरवतो तो फ्लॅश, घ्यावा, की ताकद हाताने ठरवायचा फक्त मॅन्युअल? समोर माणसं हलती असतील, म्हणजे लग्न, मुंज, वाढदिवस, तर टीटीएल घ्या. वस्तूंचे, पदार्थांचे किंवा एका जागी बसवून पोर्ट्रेट काढायचे असतील तर गोडॉक्स टीटी६००सारखा मॅन्युअल फ्लॅश पुरतो, आणि उरलेल्या पैशात ट्रिगर, म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून पेटवणारं यंत्र, येतो. मात्र टीटीएल फ्लॅश कंपनीनुसार वेगळा असतो. कॅननसाठीचा निकॉनवर चढवला तर टीटीएल चालणार नाही, आणि सोनीच्या मल्टी इंटरफेस शूची (शू म्हणजे कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) तर रचनाच निराळी आहे.

कॅननच्या १५००डी, ३०००डी, २००डी मार्क टू यांसारख्या बॉडी असणाऱ्यांनी जास्त सांभाळून घ्यावं. कॅननने काही स्वस्त मॉडेलांच्या हॉट शूमधला मधला गोल संपर्कबिंदू काढून टाकला. साधे मॅन्युअल फ्लॅश आणि साधे ट्रिगर नेमके त्या एकाच बिंदूवर पेटतात, त्यामुळे अशा बॉडीवर ते मुके राहतात. कॅमेरा हातात घ्या, शूकडे बघा. मध्ये धातूचा मोठा ठिपका नसेल तर कॅननच्या टीटीएलशी जुळणारा फ्लॅशच घ्या, आणि तोही तुमच्या मॉडेलवर चालतो याची खात्री करून.

म्हणूनच मुंबईत बोरा बाजारात जा किंवा गावातल्या दुकानात, आपली बॉडी बरोबर न्या. दुकानातल्या कॅमेऱ्यावर पेटला म्हणजे तुमच्यावर पेटेल असं नाही. पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय मिळणारी सवलत पहिल्या दुरुस्तीतच निघून जाते.

घरातल्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश डिजिटल बॉडीवर चढवायचा मोह आवरा. जुन्या काही फ्लॅशच्या पायाशी दोनशे व्होल्टच्या वर ट्रिगर व्होल्टेज असतं, आणि त्याने बॉडीतलं सर्किट जाऊ शकतं.

सेलवर चालणारा फ्लॅश असेल तर घड्याळात घालतो ते साधे सेल नकोत. पूर्ण ताकदीचा एक फ्लॅश मारल्यावर ते फ्लॅशला पुन्हा तयार करायला इतका वेळ लावतात की तोवर हार घालून झालेला असतो. एनेलूपसारखे रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या, चार-चारचे दोन संच, आणि एका संचातले सेल दुसऱ्यात मिसळू नका.

तोंड समोर ठेवून मारणं

सर्वांत जास्त फोटो याच चुकीने बिघडतात. पंगतीचा फोटो घ्या. तुम्ही एका टोकाला उभे आहात, पहिलं पान तुमच्यापासून एक मीटरवर आहे आणि चार मीटरवर आणखी कोणी जेवतंय. अंतर चौपट झालं की उजेड चौथा हिस्सा नाही, सोळावा हिस्सा उरतो. म्हणून पहिल्या पानावरचा भात पांढरा जळालेला दिसतो आणि तिकडची मंडळी अंधारात बसल्यासारखी. ताकद वाढवून हे सुटत नाही, कारण पुढचं आणि मागचं दोन्ही त्याच प्रमाणात वाढतं. सुटतं ते उजेडाची जागा बदलून. डोकं छताकडे वळवलं की छतच दिवा होतं, आणि छत पहिल्या पानापासून आणि शेवटच्या पानापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतं.

उजेड असा छतावर किंवा भिंतीवर आपटवून आणण्याला बाऊन्स म्हणतात, पण बाऊन्स म्हणजे सरळ वर असं समजू नका. माणूस जवळ असताना उजेड डोक्यावरून आला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. पाळण्याशेजारी बसलेल्या आईचा फोटो काढताय असं धरा. फ्लॅशचं डोकं तुमच्या डाव्या खांद्यावरून मागे वळवा, जिथे भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्याकडे. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१२५, एफ/४, आयएसओ ८००, फ्लॅश एक चतुर्थांश ताकदीला. आता उजेड खिडकीतून आल्यासारखा एका बाजूने पसरून येतो, नाकाची सावली गालावर मऊ पडते आणि नथीतल्या मोत्याला एकच छोटी चमक मिळते. बाळाच्या डोळ्यांवर थेट झोतही येत नाही, आणि बारशाला मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. फोटो काळा आला तर आधी आयएसओ १६०० करा, ताकद नंतर वाढवा. छतावर जाऊन परत येताना उजेड दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सहज खर्च होतो, तेव्हा बाऊन्स करताना आयएसओ १०० चा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

आपल्याकडची अडचण छतांची आहे. कौलारू घरात वासे काळे असतात, ते उजेड गिळून टाकतात. पत्र्याखाली तो वेडावाकडा उडतो. कार्यालयात लाल-पिवळं कापड ताणलेलं असेल तर चेहऱ्यांवर तोच रंग उतरतो, आणि पोपटी भिंतीवरून बाऊन्स केलेला चेहरा आजारी दिसतो. एडिटिंगमध्ये तो नीट निघत नाही, कारण रंग फक्त एका बाजूला चढलेला असतो. अशा जागी पांढरी भिंत शोधा, नाहीतर पांढऱ्या शर्टातल्या एखाद्या भावाला मोठी थर्माकोल शीट किंवा कार्डशीट धरून शेजारी उभा करा आणि फ्लॅश तिच्यावर मारा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून ट्रिगरने छत्रीत लावणं त्याहून चांगलं, पण ती पुढची पायरी.

पांढऱ्या प्लास्टिकची टोपी ही पहिली खरेदी नसावी. उजेड मऊ होतो तो उजेडाचा आकार मोठा झाल्यामुळे. टोपीने फ्लॅशचं तोंड फारसं मोठं होत नाही, उजेड फक्त सगळीकडे फेकला जातो. छोट्या पांढऱ्या खोलीत भिंतींवर आपटून त्याचा थोडा उपयोग होतो. उघड्या मैदानात तिच्यामुळे फक्त बॅटरी लवकर संपते.

शटरचा गोंधळ

फोटोच्या खालच्या किंवा वरच्या बाजूला काळी पट्टी आली की बरेच जण फ्लॅश बिघडला म्हणून दुकानात नेतात. फ्लॅश ठीक असतो. शटरला दोन पडदे असतात. साधारण १/२०० किंवा १/२५० पर्यंत एक क्षण असा येतो की सेन्सर पूर्ण उघडा असतो, आणि फ्लॅश तेव्हा पेटतो. त्याहून जलद गेलात तर पहिला पडदा पूर्ण सरकायच्या आतच दुसरा निघतो, आणि फ्लॅशच्या क्षणी सेन्सरचा काही भाग झाकलेला असतो. तुमच्या बॉडीची ही मर्यादा, म्हणजे सिंक स्पीड, पुस्तिकेत असते, ती पाठ करा. भर उन्हात एफ/२.८ ला पोर्ट्रेट काढायचं तर हाय स्पीड सिंक चालू करा. त्यात फ्लॅश एकदा पेटण्याऐवजी भराभर लुकलुकतो आणि ताकद बरीच घटते, म्हणून फ्लॅश माणसाच्या जवळ न्यावा लागतो.

उलट चूक घरच्या गणपतीत दिसते. १/२०० वर समोरून फ्लॅश मारला, मूर्तीच्या रंगावर, नेमकी सोंडेवर, पांढरी टिकली पडली. मागची दिव्यांची माळ विझल्यासारखी दिसते आणि समईच्या ज्योतीला तेज नाही. इथे दोन हिशेब वेगळे करा. शटरचा फ्लॅशच्या उजेडावर जवळजवळ परिणाम होत नाही, कारण फ्लॅश शटरपेक्षा कितीतरी लवकर विझतो. शटर ठरवतं ते जागेच्या उजेडाचं. तेव्हा शटर १/३० ला आणा, कॅमेरा स्टँडवर ठेवा, फ्लॅश बाजूच्या भिंतीवर वळवून ताकद कमी करा. माळ उजळते, आरास दिसते, आणि शटर हळू केल्याने मूर्तीवरचा फ्लॅशचा उजेड बदलत नाही. माळ जास्त झाली तर शटर जलद करा, मूर्ती जास्त उजळली तर फ्लॅशची ताकद कमी करा.

इथे रंगाचंही बघावं लागतं. पिवळे बल्ब ३००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आत-बाहेर असतात, समईची ज्योत त्याहूनही बरीच खाली, फ्लॅश साडेपाच हजारांच्या पुढे. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी सीटीओ जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, लावा आणि व्हाइट बॅलन्स साधारण ३२०० ठेवा, मग मूर्ती निळसर आणि मागचं सगळं पिवळंधमक असा प्रकार होत नाही.

अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवून अंधाऱ्या हॉलमध्ये फ्लॅश लावला तर काही बॉडी शटर अर्ध्या सेकंदापर्यंत नेतात, आणि नाचणाऱ्यांच्या मागे भुतासारखी दुसरी आकृती येते. फ्लॅशबरोबर कॅमेरा मॅन्युअलवर असलेला बरा, ऑटो आयएसओ बंद.

टीटीएलवर डोळे मिटून भरवसा

टीटीएलमध्ये खऱ्या फ्लॅशच्या आधी एक बारीक फ्लॅश पेटतो, कॅमेरा परत आलेला उजेड मोजतो आणि ताकद ठरवतो. चौकटीत पांढरा सदरा आणि पांढरी भिंत असेल तर त्याला सगळं फार उजळ वाटतं आणि फोटो काळवंडतो. काळी शेरवानी असेल तर उलटं. अशा वेळी कॅमेऱ्याचं नाही, फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन (ताकद वर-खाली करायची सोय) वापरा: पांढऱ्याला एक स्टॉप वर, काळ्याला एक स्टॉप खाली. ज्यांचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेले येतात, ते बहुधा त्या आधीच्या फ्लॅशला मिटतात. निकॉनमध्ये एफव्ही लॉक, कॅननमध्ये एफई लॉक वापरून तो आधीच मारून घ्या, मग क्षणभर थांबून फोटो काढा.

पेटतच नसेल तर

आधी पाय शूमध्ये शेवटपर्यंत सरकलाय का आणि चकती आवळलीय का ते बघा. अर्धा मिलिमीटर मागे असला तरी संपर्क तुटतो. मग सायलेंट शटर बघा. बऱ्याच मिररलेस बॉडींत ते चालू असताना फ्लॅश पेटतच नाही, आणि आदल्या दिवशी कीर्तनात चालू केलेलं तसंच राहिलेलं असतं. फ्लॅशवर चुकून स्लेव्ह मोड (दुसऱ्या फ्लॅशच्या इशाऱ्यावर पेटणं) दाबला गेलाय का, तो झोपेत गेलाय का, हेही तपासा. ट्रिगर असेल तर दोन्हीकडे चॅनेल आणि ग्रुप सारखे हवेत. तरीही नाही, तर कोरड्या सुती कापडाने पिना पुसा.

फ्लॅश पेटतो पण मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं काळं दिसतं, ही वेगळी तक्रार. तो फक्त जागेचा उजेड दाखवतोय. मेनूत एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करा. सोनीत ते सेटिंग इफेक्ट या नावाने आहे.

मध्येच मंदावला तर थांबा. गोडॉक्सच्या व्ही८६० टूच्या पुस्तिकेत पूर्ण ताकदीचे ३० फ्लॅश लागोपाठ मारल्यावर किमान १० मिनिटं विश्रांती द्यायला सांगितली आहे. वरातीत हे पाळलं जात नाही आणि तोंडावरचं प्लास्टिक पिवळं पडतं. बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नका. बंद असला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट साठून राहू शकतात, आणि तो झटका गंभीर असतो.

लग्नसराई संपल्यावर सेल बाहेर काढून ठेवा, नाहीतर गळलेला सेल आतली पट्टी खातो. महिन्यातून एकदा सेल घालून पूर्ण ताकदीचे दहाबारा फ्लॅश, मध्ये थोडं थांबत, मारून घ्या. कपॅसिटर बराच काळ रिकामा पडून राहिला की सुस्त होतो.