डिझेल काढून विजेची मोटर: तापणाऱ्या जोडाचा माझा अनुभव

शिडाच्या बोटीतलं डिझेल इंजिन काढून ४८ व्होल्टची मोटर बसवली. अपोलो बंदरावरून निघताना धूर नाही, हादरे नाहीत. पण ओहोटीच्या ओढीविरुद्ध जोर दिला की डीसी ब्रेकर (जास्त करंट किंवा उष्णता झाली की वीज तोडणारा स्विच) पडायचा आणि थोडा थंड झाला की पुन्हा चालू व्हायचा. करंट मात्र मर्यादेतच दिसायचा.

हेच लक्षण मला महत्त्वाचं वाटलं. बोट घट्ट बांधली, मोटरवर भार दिला आणि मल्टिमीटरने एकेका जोडाच्या दोन्ही बाजू तपासल्या. ब्रेकरच्या टर्मिनलवरच, म्हणजे केबल जोडायच्या जागीच, एक व्होल्ट वाया जात होता! ४८ व्होल्टवर ५ किलोवॅट म्हणजे शंभराहून जास्त अँपिअर. म्हणजे त्या एवढ्याशा जागेत शंभर वॉटची शेगडी. तीच उष्णता ब्रेकरला पाडत होती.

मेन स्विच बंद करून नट उघडला. लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) आणि टर्मिनलच्या मध्ये वीज अडवणारा स्टीलचा वॉशर, आणि साध्या तांब्याच्या तारांवर गंजाची हिरवी पूड. खाऱ्या हवेत हे होणारच. कल्हई केलेली केबल आणली, हायड्रॉलिक क्रिंपरने लग केबलवर दाबून बसवला, आत गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवली. लग थेट टर्मिनलवर, वॉशर त्याच्या वर. नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळला. आता ब्रेकर पडत नाही.

मात्र ओढीविरुद्ध पूर्ण थ्रॉटल अजूनही टाळतो. वेग निम्मा केला तर लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्श्यावर येते, म्हणून शक्यतो भरतीची वेळ बघूनच परततो.