चालू सर्व्हरवर डिस्कचा टाइमआउट बदलायचाय? आकडा ठरवायच्या आधी डिस्क बघा

लिनक्सवर डिस्कचा टाइमआउट सर्व्हर चालू असतानाच बदलता येतो, रीबूट नको, अनमाउंट नको, एका ओळीचं काम आहे. अडचण ती ओळ टाकण्यात नाहीये, किती आकडा टाकायचा त्यात आहे, आणि बरेच लोक कुठेतरी १८० बघतात आणि सगळ्या डिस्कला सरसकट तोच टाकून मोकळे होतात. तसं करू नका, प्लीज.

होतं काय की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कला कमांड देतो आणि उत्तराची वाट बघतो, साटा, सास, यूएसबी सगळ्यांना डीफॉल्ट ३० सेकंद. तेवढ्यात उत्तर नाही आलं की आधी ती कमांड रद्द करायला बघतो, मग रीसेट मारतो, आणि तरीही डिस्क गप्पच राहिली तर तिला सरळ ऑफलाइन करतो. मग फाइलसिस्टम रीड-ओन्ली होते नाहीतर रेडमधून (अनेक डिस्क जोडून डेटा सुरक्षित ठेवणारा गट, ॲरे) डिस्क बाहेर फेकली जाते.

आता साधी डेस्कटॉपवाली डिस्क घ्या. तिला खराब सेक्टर, म्हणजे डेटाचा न वाचता येणारा छोटा तुकडा, लागला की ती स्वतःच तो परत परत वाचत बसते, कधीकधी दोन मिनिटं पण, आणि तेवढा वेळ कोणालाच उत्तर देत नाही. डिस्कने वेळेत "वाचता येत नाही" असं सांगितलं असतं तर रेडने तो डेटा बाकीच्या डिस्कवरून काढून त्याच सेक्टरवर परत लिहिला असता आणि विषय संपला असता. पण कर्नल ३० सेकंदांतच कंटाळतो, रीसेट मारतो, डिस्क अजून आपल्याच नादात असते, आणि एका सेक्टरपायी आख्खी डिस्क ॲरेतून जाते. मग रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर परत बनवणं, लावला आणि दुसऱ्या डिस्कवर असाच एक सेक्टर निघाला की ॲरे गेलाच म्हणून समजा. म्हणून नियम एकच, डिस्क हात टेकेपर्यंत जेवढा वेळ घेते त्यापेक्षा कर्नलचा टाइमआउट जास्त पाहिजे.

डिस्क किती वेळ घेते ते स्मार्टसीटीएल ही कमांड सांगते, -एल ऑप्शनला एससीटीईआरसी (डिस्कने किती वेळात हात टेकायचे ती मर्यादा) द्या आणि पुढे डिस्कचं नाव. उत्तरात ७० दिसलं तर ते ७० सेकंद नाहीत हां, सेकंदाचे दहावे भाग आहेत, म्हणजे ७ सेकंद. रेडमध्ये असलेल्या डिस्कला ही मर्यादा चालू असेल तर कर्नलचे ३० पुरेत, हात लावू नका. बंद दिसलं तर वाचायला ७० आणि लिहायला ७० देऊन चालू करा. सपोर्टच नाही असं आलं तरच कर्नलचा टाइमआउट १८० करा. एकटीच डिस्क आहे, रेड नाही, तर उलट, तिला ७ सेकंदांत सोडायला लावू नका कारण डेटाची दुसरी कॉपी नाहीये, तिला प्रयत्न करू दे आणि कर्नलला १८० पर्यंत थांबू दे. व्हर्च्युअल मशीनला पण १८० ठीक, मागचं स्टोरेज एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर जाताना मध्ये वेळ जातो, व्हीएमवेअर टूल्स हाच आकडा लावतं. मल्टिपाथ, म्हणजे एकाच स्टोरेजकडे जायला एकापेक्षा जास्त रस्ते, असेल तर मात्र थांबा, तिथे एक रस्ता गेला की पटकन कळून दुसरा पकडायचा असतो, आकडा वाढवला की फेलओव्हरच लांबतो, त्यामुळे स्टोरेजवाल्याचं डॉक्युमेंट बघितल्याशिवाय काही करू नका.

बदलायच्या आधी जुने आकडे ठेवून द्या. ग्रेप . /सिस/ब्लॉक/एसडी*/डिव्हाइस/टाइमआउट असं दिलं की सगळ्या डिस्कची नावं आणि आकडे एका झटक्यात येतात, ते एका फाइलमध्ये टाका. मग एकाच डिस्कवर,

एको १८० | सुडो टी /सिस/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/टाइमआउट

टी का, तर सुडो एको करून पुढे > लावलं तर परमिशन डिनाइड येतं, कारण फाइल उघडायचं काम शेल करतो आणि त्याला सुडो लागू होत नाही. कॅट करून आकडा बदललाय का बघा. नव्या कमांडला लगेच लागू होतो, आधीच निघालेल्या जुन्याच वेळेवर चालतात. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीला ही फाइल नसते, नव्या कर्नलवर डिस्कच्या नावाखाली क्यू/आयओ_टाइमआउट असते आणि ती मिलीसेकंदात, म्हणजे ३० सेकंदांना ३००००. तिथे कोणी १८० टाकलं तर सेकंदाच्या पाव भागापेक्षाही कमी टाइमआउट झाला, चालू सर्व्हरवर!

अजून एक बघाच. एखादा प्रोसेस १२० सेकंद अडकला की कर्नल लॉगमध्ये ओरडतो, डिस्कला १८० दिले की हे मेसेज येऊ शकतात, नुसते मेसेज असतील तर चालतंय. पण हंग_टास्क_पॅनिक चालू असेल तर सर्व्हर तिथेच पॅनिक होईल, ते सिसकंट्रोलमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगमध्ये, आधी तपासा. क्लस्टर असेल तर त्याचा हार्टबीट (सर्व्हर जिवंत आहे का ते बघणारा सिग्नल) पण, तो १८० सेकंद व्हायच्या आधीच नोडला मेलेला धरू शकतो.

रीबूटनंतर हे सगळं उडतं. टिकवायचं तर यूडेव्हचा (डिस्क दिसली की सेटिंग लावणारी लिनक्सची सोय) रूल लिहा, आणि त्यात एसडीए असं नाव न टाकता मॉडेल किंवा सीरियल नंबर टाका कारण रीबूटला अक्षरं बदलतात. यूडेव्हएडीएमने रूल रीलोड करा, ट्रिगर फक्त त्या एका डिस्कपुरता द्या, सगळ्यांवर नको. ७ सेकंदांचं सेटिंग बऱ्याच डिस्क पॉवर गेली की विसरतात, ते पण बूटला परत लागेल असं करून ठेवा.

नंतर काही दिवस डीमेसेजवर, म्हणजे कर्नलच्या लॉगवर, लक्ष ठेवा, आणि त्याच डिस्कचे रीसेट परत परत दिसायला लागले तर आकडा अजून वाढवत बसू नका, केबल तपासा, पेंडिंग सेक्टर (डिस्कला वाचता न आलेले) वाढत असतील तर डिस्कच बदला.