अमेरिकेत पीए व्हायचंय? सुरुवात रुग्णांपासून करा

"ताई, भारतात बीएएमएस झालंय. इथे फिजिशियन असिस्टंट होता येईल का?" अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी मुली मला हे नेहमी विचारतात. फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, हे डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासतात, निदान आणि उपचार करतात. तसं होता येतं. पण भारतातली कुठलीही वैद्यकीय पदवी, अगदी एमबीबीएससुद्धा, थेट परवान्याच्या परीक्षेला बसू देत नाही. आधी एआरसी-पीए या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम करावा लागतो. तो पदव्युत्तर असतो आणि साधारण दोन ते अडीच वर्षं चालतो.

जुन्या पदवीचं मूल्यमापन करून घेतलं तरी अनेक विद्यापीठं ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी हे विषय अमेरिकेतच केलेले मागतात. मी ते कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गांना जाऊन केले.

माझ्या मते खरी तयारी मात्र रुग्णसेवेच्या तासांत होते. बऱ्याच ठिकाणी असे शेकडो, कुठे हजाराहून जास्त तास लागतात. यामागे इतिहास आहे. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा पहिले विद्यार्थी होते नौदलात वैद्यकीय काम केलेले जवान. रुग्ण हाताळलेल्या माणसाला पुढचं शिकवायचं, हाच मूळ विचार. मी मेडिकल असिस्टंट म्हणून रक्तदाब घेतले, रक्त काढलं, औषधांच्या याद्या केल्या. "सगळ्या गोळ्या घेते" म्हणणाऱ्या आजींच्या पिशवीत न उघडलेली बाटली निघाली की पुढचा प्रश्न कसा विचारायचा, हे मी तिथे शिकले. ईएमटी (रुग्णवाहिकेवर तातडीची मदत देणारे) किंवा नर्सिंग असिस्टंटचं कामही चालतं. स्क्राइबचे, म्हणजे डॉक्टरांच्या तपासणीच्या नोंदी टिपून घेण्याच्या कामाचे तास सगळीकडे धरत नाहीत, आधी विचारून घ्या.

एच-४ व्हिसावर (नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येतं, पण वर्क परमिटशिवाय पगारी काम करता येत नाही. शिवाय काही विद्यापीठं फक्त नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांनाच घेतात. हे दोन्ही पाहूनच विषयांची फी भरा.

पहिलं वर्ष वर्गातलं. वेग इतका की हृदयविकार नीट बसेपर्यंत फुप्फुसांची परीक्षा समोर येते. एकटीने वाचत बसू नका, तिघी-चौघींनी एकमेकींना शिकवा. नोकरी सांभाळून हे वर्ष होईल असं मला वाटत नाही. घरी लहान मूल असेल तर संध्याकाळी त्याला कोण बघणार, हे प्रवेशाआधीच ठरवून ठेवा.

दुसऱ्या वर्षी रोटेशन्स, म्हणजे आळीपाळीने एकेका विभागात प्रत्यक्ष काम: फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, इमर्जन्सी, मानसिक आरोग्य. रुग्ण तपासून बाहेर यायचं आणि मोजक्या वाक्यांत तक्रार, तपासणी, तुमचं निदान आणि पुढचा बेत वरिष्ठांना सांगायचा. निदान चुकलं तर ते सुधारतात. पण निदानच न सांगता गप्प राहणं त्यांना चालत नाही. आपल्याकडे सरांसमोर न बोलण्याची सवय लागलेली असते, ती इथे मोडावीच लागते.

शेवटी परवान्यासाठीची पॅन्स ही परीक्षा: ३०० प्रश्न, पाच तास. मग राज्याचा परवाना.

अर्ज कॅस्पा या सामायिक पोर्टलवर करायचा, तो दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस उघडतो. अनेक विद्यापीठं येतील तसे अर्ज तपासतात, म्हणून शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. शिफारसपत्रं हिवाळ्यातच मागून ठेवा. त्यातलं एक तरी तुम्हाला रुग्णांसोबत काम करताना पाहिलेल्या पीएचं किंवा डॉक्टरांचं असू द्या.