बास पकडायचाय? आधी पाणी बघा, मग लूर, रॉड सगळ्यात शेवटी

बास हा गोड्या पाण्यातला मासा, तो गळाने पकडायला सुरुवात करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, रॉड (गळाची काठी) कुठला घेऊ? माझ्या मते रॉड सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी मासा कुठं बसलाय ते बघा, मग तिथपर्यंत न अडकता कुठला लूर (खोटं आमिष) जाईल ते, मग तो लूर कुठल्या लाइनवर (गळाच्या दोरीवर) नीट चालेल ते, आणि हे सगळं ज्याला पेलेल तो रॉड घ्या. उलटं केलं की घरात डबाभर लूर साठतात आणि त्यातला एकही समोरच्या पाण्यात चालत नाही.

आता मासा बसतो कुठं. लार्जमाउथ बास हा दबा धरून बसणारा गडी, उगाच मोकळ्या पाण्यात भटकत नाही. पाण्यात आडवं पडलेलं झाड, बुडालेला ओंडका, लव्हाळ्यांची कड, धक्क्याखालची सावली, तळ एकदम खोल उतरतो ती जागा, अशा आडोशाला चिकटून असतो आणि जवळून काही गेलं की झडप घालतो. स्मॉलमाउथला त्यापेक्षा खडकाळ तळ आणि थंड, नितळ, वाहतं पाणी आवडतं. दोघं ओळखायचे तर तोंड मिटलेलं असताना बघा, लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो आणि कुशीवर आडवा काळपट पट्टा असतो, स्मॉलमाउथचा जबडा तेवढा मागे जात नाही आणि पट्टे उभे असतात.

आणि मोठा मासा मोठ्या पाण्यातच असतो असं अजिबात नाही. १९३२ साली जॉर्ज पेरीने अमेरिकेतल्या जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ काढला तो माँटगोमेरी लेकमध्ये, म्हणजे नदीच्या तुटलेल्या जुन्या वळणात साचलेल्या पाण्यात.  म्हणून जवळचं लहान तळं सोडून लांब पळू नका.

तापमानाकडे लक्ष ठेवा. बास थंड रक्ताचा, पाणी १० डिग्रीच्या खाली गेलं की सुस्तावतो, तेव्हा लूर अगदी हळू हलवायचा. पाणी १५ ते २० डिग्रीच्या आसपास आलं की अंडी घालायला उथळ काठाशी येतात. घरट्यावर नर राखण करत असतो, त्याला मी हात लावत नाही, त्याला उचललं की दुसरे मासे अंड्यांवर तुटून पडतात. भर उन्हाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी उथळ पाण्यात, दुपारी खोलात किंवा दाट पानांच्या सावलीत शोधा.

एकच लूर शिकायचा असेल तर प्लॅस्टिकचा वर्म (गांडुळासारखा मऊ लूर), टेक्सास रिगवर, म्हणजे हुकचं टोक वर्ममध्ये लपवून. ६ इंची वर्म, ३/० मापाचा ऑफसेट (मानेशी वळण असलेला) हुक, ५ ते ७ ग्रॅमचं बंदुकीच्या गोळीसारखं वजन. वजन लाइनमध्ये ओवताना टोकदार बाजू रॉडकडे, मग हुक बांधा. हुकचं टोक वर्मच्या डोक्यात सरळ खुपसा, अर्धा सेंटिमीटर गेलं की बाजूने बाहेर काढा आणि वर्म वर सरकवत हुकच्या मानेवरच्या वळणापर्यंत आणा. आता हुक अर्धा फिरवा आणि वर्म सरळ लटकू द्या, हुकचा खालचा बाक वर्मवर जिथं येतो तिथं नखाने खूण करा, वर्म थोडा वर ढकलून त्या खुणेतून हुक आरपार घाला आणि टोक वरच्या सालीत जेमतेम लपवा, म्हणजे फांद्यांत अडकत नाही. वर्म सुतासारखा सरळ दिसला पाहिजे, वाकडा राहिला तर ओढताना भोवऱ्यासारखा फिरतो आणि सगळ्या लाइनला पीळ पडतो. वाकडा दिसला की कंटाळा न करता परत ओवा.

टाकल्यावर लगेच ओढायला लागू नका. बास बरेचदा वर्म खाली पडत असतानाच घेतो, आणि हातात झटका येईलच असं नाही, म्हणून डोळे लाइनवर ठेवा. मी मनात आकडे मोजतो. समजा त्या जागी तळाला लागायला चार मोजावे लागतात आणि या वेळी दोनवरच लाइन ढिली पडली, तर वर्म तळाला गेलेला नाही, कुणीतरी तोंडात धरलाय. किंवा लाइन हळूच बाजूला सरकायला लागते, वाऱ्याच्या उलट दिशेने. तेव्हा रॉडचं टोक खाली, ढिली लाइन पटकन गुंडाळा आणि दणकून वर ओढा, कारण हुकला आधी प्लॅस्टिक फाडायचंय आणि मग जबडा. काहीच झालं नाही तर टोक थोडं उचला, वर्म परत पडू द्या, थांबा. थांबणं सगळ्यात अवघड जातं आणि मासे त्या थांबण्यातच लागतात.

मासे रुसलेले असले तर वॅकी रिग, ५ इंची जाडसर वर्मच्या बरोबर मध्ये हुक, वजन काहीच नाही, दोन्ही टोकं थरथरत सावकाश खाली जातात.

मासे कुठं आहेत तेच कळत नसेल तर क्रँकबेट (पुढे जीभ असलेला, ओढला की खाली जाणारा कडक लूर) किंवा स्पिनरबेटने (फिरत्या पात्यांच्या लूरने) भराभर पाणी चाळा. क्रँकबेटच्या पुढची जीभ लांब असेल तितका तो खोल जातो. पाणी ५ फूट खोल असेल तर मी ६ ते ७ फूट जाणारा घेतो, म्हणजे तो तळाला, दगडाला, ओंडक्याला धडकत येतो. धडकून बाजूला उसळला की बास त्याच क्षणी घेतो. कशालाच न धडकणारा क्रँकबेट नुसता हिंडून परत येतो.

पाण्यावरचे लूर, पॉपर (ओढला की पाणी उडवणारा) आणि फ्रॉग (बेडकासारखा), पहाटेला आणि दाट पानांवर. इथे सगळे एकच चूक करतात, पाणी उसळलं की घाबरून ओढतात आणि लूर माशाच्या तोंडातून निघून येतो. वजन हाताला लागेपर्यंत थांबा, मगच ओढा.

रंगाचा फार विचार करू नका. नितळ पाण्यात हिरवट, तपकिरी, खऱ्या माशासारखे, गढूळ पाण्यात काळा-निळा किंवा भडक पिवळट हिरवा.

लाइन मात्र विचार करून घ्या. मोनो (साधी एकपदरी नायलॉनची) ताणली जाते आणि लवकर बुडत नाही म्हणून पॉपरला बरी. फ्लुरोकार्बन बुडते, पाण्यात कमी दिसते, ती वर्म आणि क्रँकबेटला. ब्रेड (विणलेली लाइन) जवळजवळ ताणलीच जात नाही, तरंगते आणि गवत कापत येते, फ्रॉगला ५० पौंडांची (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) ब्रेडच हवी.

आता रॉड. एकच घ्यायचा असेल तर ७ फुटी मीडियम ताकदीचा, फास्ट ॲक्शन (मुख्यतः टोकाशी वाकणारा) स्पिनिंग रॉड, २५०० साइझचा रील, १० पौंडांची ब्रेड आणि पुढे ८-१० पौंडांचा फ्लुरो लीडर (लूरजवळचा लाइनचा तुकडा), यावर वॅकी, हलका टेक्सास रिग, छोटे पॉपर सगळं चालतं. झाडाझुडपात शिरायचं असेल तर बेटकास्टर (लाइन टाकताना ज्याचा स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली फिरकी, फिरतो तो रील), मीडियम हेवी रॉड, १५ पौंडी फ्लुरो. क्रँकबेटला थोडा लवचिक रॉड हवा, ताठ रॉडने ते बारीक तिहेरी हुक तोंडातून फाटून निघतात. रॉडवर लूरच्या वजनाची मर्यादा छापलेली असते, ती पाळा. बेटकास्टरवर गुंता होतोच, तो कमी करायला टेन्शनची चकती अशी आवळा की लूर सोडल्यावर सावकाश खाली जाईल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल, आणि लूर पाण्याला लागायच्या जरा आधी अंगठ्याने स्पूल दाबा.

लूर बांधायला पालोमार नावाची गाठ मारा, आवळायच्या आधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाने लाइन कमजोर होते. माझा एक चांगला मासा काठाशी येऊन सुटला तेव्हा लाइनचं टोक डुकराच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं होतं, म्हणजे लाइन तुटली नव्हती, गाठ निसटली होती. ड्रॅग, म्हणजे मासा ओढत असताना रील ज्या ताणावर लाइन सोडतो तो, लाइनच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवा.

मासा आला की आधी हात ओले करा, खालचा जबडा धरा, आणि मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली घालून आडवा उचला, नुसत्या जबड्यावर लटकवला तर जबडा दुखावतो. परवाना, हंगाम आणि मापाचे तिथले नियम आधीच बघून ठेवा. सोडून झाला की पुढचा कास्ट टाकायच्या आधी लाइनचा शेवटचा हातभर भाग दोन बोटांतून फिरवा, कुठं खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून नवी गाठ मारा.